हीटर गार वारा देतोय? आधी इंजिनाचं पाणी बघा

थंडी पडली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हीटरचीच पत्रं जास्त असतात. या वेळी त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात लिहिलेला प्रकार माझ्या सातपूरच्या गॅरेजात दर हिवाळ्यात येतो आणि दर वेळी गाडीमालकाला भलताच खर्च सांगितलेला असतो.

प्रश्न : माझी २०१४ ची डिझेल हॅचबॅक आहे. आईला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा पहाटे नाशिकला न्यावं लागतं. तिला एरवीच थंडी फार वाजते, त्यात आमची निफाडची थंडी. यंदा हीटर चालत नाही. गाडी उभी असताना जरा कोमट हवा येते, पण चांदोरीच्या पुढे वेग धरला की एकदम गार. टेंपरेचरचा काटा पावाच्या रेषेखालीच असतो. मे महिन्यात गाडी तापायची, तेव्हा एका मेकॅनिकने काम केलं आणि त्यानंतर ती कधीच तापली नाही. आता दुसरे एक मेकॅनिक म्हणतात, हीटर कॉइल गेलं, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, अठरा हजार होतील. करून घेऊ का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : नका करू. निदान आत्ता तरी डॅशबोर्डला कुणाला हात लावू देऊ नका. तुमचं हीटर कॉइल बहुधा धडधाकट आहे. बिघाड बोनेटखाली आहे, आणि माझा दाट संशय आहे की तिथला एक भाग खराब झालेला नाही, मे महिन्यात काढूनच टाकलेला आहे. तो भाग म्हणजे थर्मोस्टॅट.

गाडीच्या हीटरला स्वतःची आग नसते. इंजिन तापतं, ती उष्णता पाणी उचलतं, त्यातलं थोडं पाणी दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांतून, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं. त्यालाच आपण हीटर कॉइल म्हणतो. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, झाला हीटर. म्हणजे इंजिनाचं पाणीच तापलं नाही तर कॉइल नवंकोरं बसवलं तरी आईच्या पायाशी गारच वारा येणार.

हे पाणी किती लवकर तापावं आणि किती अंशांवर राहावं हे थर्मोस्टॅट ठरवतो. मेण भरलेली एक पितळी डबी, तिच्याभोवती स्प्रिंग आणि वर एक झडप, एवढाच तो जिन्नस, मुठीत मावेल असा. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जायला लागतं. तोवर ते इंजिन आणि हीटर एवढ्यातच फिरत असतं, म्हणून लवकर तापतं. झडपच नसली तर चावी मारल्यापासून पाणी मोठ्या रेडिएटरमधून फिरतं. गाडी उभी आहे तोवर रेडिएटरला वारा लागत नाही, तुम्हाला कोमट हवा मिळते. हायवेला लागलात की पहाटेचा सात-आठ अंशांचा वारा थेट जाळीवर आदळतो आणि इंजिन जेवढं तापवेल तेवढं सगळं तिथेच निवतं. त्यात तुमची गाडी डिझेलची. डिझेल इंजिन मुळात सावकाश तापतं. काटा पावाच्या खाली का, हेही यातच आलं.

उभ्या गाडीत कोमट आणि वेगात गार, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला एवढं ठामपणे सांगता येतंय. उलट असतं, म्हणजे वेगात गरम आणि सिग्नलला गार, तर मी पाणी कमी झालंय, हवा अडकलीय किंवा वॉटर पंप दमलाय असं म्हटलं असतं. गॅरेजात गेलात की ही एक ओळ न विसरता सांगत जा. मेकॅनिकने विचारलं नाही तरी सांगा.

आता हातानेच खात्री करून घ्या. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बोनेट उघडा. आधी पाण्याची बाटली बघा. पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये आहे का, पाणी हिरवं-गुलाबी, म्हणजे कूलंट मिसळलेलं, आहे की गंजाचं तांबूस? रेडिएटरला वेगळी टोपी असेल तर तीही आत्ताच, गार असताना, उघडून आत बघा. बाटलीत पाणी दिसतं आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं पुष्कळदा सापडतं. इंजिन तापल्यावर मात्र टोपीला हात लावायचा नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत दाब असतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मग इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर अधूनमधून हात ठेवा. बाही, मफलर, पदर काही लोंबकळू देऊ नका आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, तो आपला आपण सुरू होतो. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर तो होज बराच वेळ गार राहतो आणि झडप उघडली की एकदम, हात काढावा लागेल इतका तापतो. तुमच्या गाडीत तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर थर्मोस्टॅट एक तर उघडा अडकलाय, नाही तर जागेवरच नाही. मेकॅनिककडून थर्मोस्टॅटचं घर (हौसिंग) उघडून घ्या आणि स्वतः उभं राहून बघा. दोन बोल्टचं काम आहे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही’ असं बिनदिक्कत सांगतात. गरज असते. इंजिन कायम गार राहिलं की कॉम्प्युटर त्याला गारच समजून जास्त इंधन सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, झीज वाढते. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासची वाट बंद करत असते. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात येतं. अशी गाडी हिवाळ्यात तापत नाही आणि उन्हाळ्यात घाट चढताना हमखास तापते.

म्हणून नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी एक प्रश्न सोडवा. मे महिन्यात गाडी तापत का होती? त्याचं उत्तर कुणीच शोधलेलं नाही. रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे भरलेत का, पंखा वेळेवर सुरू होतो का, टोपी दाब धरते का, पंप गळतो का हे तपासून घ्या. पाणी कुठेही न गळता कमी होत असेल, बाटलीत सतत बुडबुडे येत असतील किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची, तपासणी करूनच पुढे जा.

थर्मोस्टॅट कंपनीचाच घ्या, तुमच्या इंजिनाला जितक्या अंशांचा सांगितलाय तितक्याच अंशांचा. डॅशबोर्ड उतरवायच्या मजुरीपुढे त्याची किंमत किरकोळ आहे. बसवायच्या आधी तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून गॅसवर तापवून बघता येतो, शेजारी थर्मामीटर धरायचा. त्याच्या अंगावर लिहिलेल्या तापमानाच्या आसपास झडप हलली पाहिजे. माझ्याकडे नवा तुकडासुद्धा असा बघितल्याशिवाय बसत नाही.

बसवल्यावर पाणी भरताना हवा काढणं हे खरं कौशल्याचं काम. गाडीचं तोंड चढावर, हीटरचा खटका पूर्ण लालवर, आणि मग सावकाश कूलंट. होज हाताने दाबत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहायची. ज्या इंजिनाला हवा काढायचा स्क्रू आहे तिथे तो सैल करून घ्यायचा. घाई केली की हीटर कॉइलमध्ये हवा अडकते, डॅशबोर्डमागून गुळगुळ आवाज येतो आणि हीटर परत गार. मग तोच मेकॅनिक परत म्हणतो, बघा, कॉइलच गेलंय.

एवढं करूनही हवा गरम येत नसेल तरच हीटर कॉइलकडे वळा. इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यात दोन बारीक होज आत जातात. इंजिन नीट तापल्यावर आणि हीटर लालवर असताना त्या दोन्हींना हात लावून बघा. दोन्ही सारखे गरम असतील तर कॉइलपर्यंत उष्णता पोचतेय, मग दोष डॅशबोर्डमधल्या, हवा कॉइलकडे वळवणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा. साध्या एसीच्या गाड्यांत खटक्याची केबल क्लिपमधून निसटलेली असते, आणि कित्येक गाड्यांत डावीकडे पाय ठेवायच्या जागेतून वाकून बघितलं तर ती दिसते. बटणाच्या एसीत झडपेची छोटी मोटर असते, तिचे दाते गेले की डॅशबोर्डमधून टकटक येते. एक होज गरम आणि दुसरा गार असेल तर होजवरचा कॉक बंद आहे, हवा अडकलीय किंवा कॉइल चोंदलंय.

तुमच्या भागात चोंदायची शक्यता खरी आहे, कारण सर्रास बोअरचं पाणी भरतात. त्या क्षारांचा थर आधी बसतो तो हीटर कॉइलच्या बारीक नळ्यांत. पण चोंदलेलं कॉइल बऱ्याचदा धुऊन मोकळं होतं. दोन्ही होज सोडवायचे आणि पाणी ज्या होजने बाहेर येतं त्यातून बागेच्या साध्या नळीने हलक्या धारेने उलटं सोडायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. घरी द्राक्षांच्या फवारणीचा एचटीपी पंप असेलच. कृपा करून तो लावू नका. त्याच्या दाबाने कॉइल आतल्या आत फाटेल आणि मग अठरा हजार खरोखरच द्यावे लागतील. शेवटी कूलंट भरा, कधी पाणी मिसळायची वेळ आली तर ते डिस्टिल्डच. बोअरचं यापुढे नको.

हे काम होईपर्यंत आईसाठी एक सोय. निघायच्या आधी गाडी थोडा वेळ चालू ठेवा, पण शेडमध्ये नको, उघड्यावर. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, म्हणजे आहे ती ऊब टिकते. काचा धुरकटल्या की ते बटण बंद करा. ब्लोअर एकवर ठेवा. कोमट पाण्यावर जोराचा वारा सोडला तर तो गारच लागतो. गरम पाण्याची पिशवी, घोंगडी चालेल. बागेत थंडीच्या रात्री शेकोट्या करता, तशी निखाऱ्यांची शेगडी कुणी गाडीत ठेवायला सुचवलं तर मात्र ऐकू नका. बंद गाडीत तिच्या धुराने माणूस झोपेतच जातो.

प्रश्न : आमच्या गाडीचा हीटर-एसीचा पंखा एक, दोन, तीनवर चालतच नाही. चारवर मात्र जोरात चालतो. मोटर बदलायला सांगितली आहे.
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : चारवर जोरात चालणारी मोटर बदलू नका. तुमच्या गाडीचा ब्लोअरचा रेझिस्टन्स गेला आहे. खालच्या वेगांना करंट त्यातून कमी होऊन येतो, चारला तो थेट मोटरला मिळतो. म्हणून चारच जिवंत आहे. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, दोन स्क्रू आणि एक प्लग. प्लग वितळलेला किंवा काळा पडलेला असेल तर तोही बदला. असं झालं असेल तर मोटर जाम होऊन जास्त करंट खातेय का तेही बघायला सांगा, नाही तर नवा रेझिस्टन्सही जळेल. केबिन फिल्टरही काढून बघा. मातीने भरलेला फिल्टर हवा अडवतो आणि हीटर, एसी दोन्ही कमी वाटतात.

प्रश्न : गेल्या महिन्यापासून हीटर लावला की गोडसर वास येतो, काचेला आतून तेलकट धुकं धरतं आणि पुसलं तरी जात नाही. डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं असतं. गॅरेजमध्ये म्हणाले, एसीचं पाणी आहे, ड्रेन पाइप साफ करू. केला, पण तसंच आहे. आमचा कुत्रा त्याच जागी झोपतो.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कुत्र्याला आजपासून गाडीत बसवू नका. हे पहिलं.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ, त्याला रंग-वास नसतो. तुम्ही हीटर लावताय, एसी नाही, तरी ओल येतेय. पांढरा टिश्यू पेपर कार्पेटवर दाबा. हिरवट किंवा गुलाबी डाग पडला आणि बोटांना चिकट लागलं तर ते कूलंट आहे. हीटर कॉइल किंवा त्याच्या पाइपचा जोड गळतोय. काचेवरचं तेलकट धुकं म्हणजे त्याच कूलंटची वाफ. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि अतिशय विषारी. कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशाने त्यांची किडनी निकामी होते. कुत्र्याने ते चाटलंय अशी नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. लहान मुलांनाही तिथे बसवू नका.

इथे डॅशबोर्ड उतरवणं टळत नाही, पैसे खर्च करावेच लागतील. एकदा उघडलाच तर जोडाचे ओ-रिंग आणि क्लॅम्प नवेच घाला, कार्पेट आणि खालचा फोम काढून धुवा. गळती थांबवणारी पावडर किंवा लिक्विड रेडिएटरमध्ये टाकायला सांगतील, ते करू नका. ते गळक्या भोकात बसतं तसं कॉइलच्या चांगल्या नळ्यांतही बसतं. काम लगेच जमणार नसेल तर बोनेटखालचे ते दोन बारीक होज एकमेकांना जोडून कॉइल तात्पुरतं बाजूला काढता येतं. हीटर बंद राहील, गाडी चालेल. पुण्याच्या थंडीत काचेवरचं धुकं घालवायला एसी पुरतो. मात्र रोज पाण्याची पातळी बघा. पाणी कमी झालं की काही गाड्यांत काटा वर जातच नाही, कारण सेन्सर पाण्यात नसून वाफेत असतो. अशा वेळी आधी हीटर गार पडतो आणि मग इंजिन बसतं.

प्रश्न : डिसेंबरअखेर आम्ही चौघे नागपूरहून आमच्याच डिझेल गाडीने मनालीला आणि जमलं तर पुढे स्पितीत जाणार आहोत. रेडिएटरमध्ये कायम साधं पाणी असतं, कधी त्रास नाही. हीटर उत्तम आहे. वाटेत रात्री हीटर लावून गाडीतच झोपायचा विचार आहे. अजून काय तयारी करावी?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : साधं पाणी घेऊन नागपूर सोडू नका. हीटर उत्तम आहे तो इंजिन चालू असेपर्यंत. रात्री इंजिन बंद केलंत की उणे दहात ते पाणी गोठेल, गोठताना सुमारे ९ टक्के फुगेल आणि रेडिएटर, हीटर कॉइल, वेळ आलीच तर इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फोडेल. जुनं पाणी पूर्ण काढा, आतून धुवा आणि निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. हे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त कूलंट म्हणजे जास्त बचाव, असं समजून निव्वळ कूलंट ओतू नका. एकटं ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. तयार मिसळलेला डबा घेतलात तर त्यावर किती अंशांपर्यंतचा आहे ते वाचा. आपल्याकडच्या हवेसाठी केलेले पातळ डबे स्पितीत पुरणार नाहीत. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या.

डिझेलचंही असंच आहे. सपाटीवरचं डिझेल फार थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोंदवतं. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. तुम्ही टाकीत नागपूरचं डिझेल घेऊन वर चढू नका, शक्य तितकं डोंगरातल्या पंपावर भरा. बॅटरी जुनी असेल तर निघायच्या आधीच बदला. काच धुवायच्या बाटलीतलं साधं पाणीही काढून टाका.

आणि गाडीत झोपायचा विचार सोडा. इंजिन चालू ठेवून, काचा लावून झोपणं बर्फात जिवावर बेततं. रात्रीत बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीखाली साठून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बर्फात अडकून नाइलाजच झाला तर आधी सायलेन्सरभोवतालचा बर्फ हाताने काढा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, ज्या बाजूला वारा लागत नाही तिकडची काच दोन बोटं उघडी ठेवा आणि चौघांपैकी एकाने आळीपाळीने जागं राहा. दर वेळी इंजिन सुरू करायच्या आधी खाली उतरून सायलेन्सर पुन्हा बघा. मुक्कामाची खोली मात्र नागपुरातूनच ठरवून निघा.